सैतानाची मजुरी

शुक्रवारी रात्री साडेनऊला मित्राचा फोन आला. "उद्या काय करतोयस?" काही नाही म्हणालो. (कपडे धुवायचे होते, पण ते कोण सांगणार.) "मग सकाळी सहाला खाली येऊन उभा रहा. पिझ्झा खायला जाऊ." पिझ्झा कुठे, तर कोमोला! झ्युरिकहून कोमो म्हणजे अख्खे आल्प्स ओलांडून पलीकडे इटलीत. म्हटलं, चला. दोघांच्याही बायका सुट्टीला भारतात गेल्या होत्या, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता.

तर मंडळी, कोमोला आम्ही पोचलोच नाही. तीन तासांच्या रस्त्याला आम्ही सगळा दिवस लावला आणि जेवलो भलतीकडेच. पण त्या दिवसाने डोक्यात एक भुंगा सोडून दिला. त्यानंतर महिनाभर मी लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचत होतो. हा लेख म्हणजे तो भुंगा.

झालं असं. झ्युरिककडून इटलीकडे जाणारा हमरस्ता गॉटहार्डच्या डोंगराखालून जातो. १९८० साली उघडलेला सुमारे सतरा किलोमीटरचा बोगदा, आणि त्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांना एकेकच लेन. जुलैतला शनिवार. आल्टडॉर्फच्या आसपास रेडिओवर कळलं की बोगद्याच्या तोंडाशी अकरा किलोमीटरची रांग आहे. आमचे सारथी म्हणाले, "अकरा किलोमीटर रांगेत उभं राहायचं तर तिरुपतीला गेलो असतो." आणि आम्सटेगला त्याने गाडी सरळ खाली उतरवली, जुन्या रस्त्याला. बोगदा डोंगराच्या पोटातून, आपण डोंगराच्या डोक्यावरून.

इथे एक सांगायला हवं. हा मित्र मूळचा खोपोलीचा. लहानपणापासून बोरघाटाच्या पायथ्याशी वाढलेला. त्यामुळे घाट म्हटला की त्याच्या अंगात येतं. (आई, तू वाचत असशील तर: वेग ताशी चाळीसच होता.)

गोशेनेनच्या पुढे रॉइस नदीची घळ लागते, तिचं नाव शॉलेनेन. दोन्ही बाजूंना काळे ओले कडे, खाली पांढरीफेक नदी, आणि आवाज इतका की गाडीची काच खाली केली की बोलणं बंद. गॉटहार्डची खिंड २१०६ मीटर उंचीवर आहे, पण जुन्या लोकांना अडवलं ते त्या उंचीने नव्हे, तर खालच्या या घळीने. खिंडीपर्यंतची बाकीची वाट तशी जनावरांच्या पायाला झेपणारी. फक्त एवढाच एक तुकडा असा, की पुढे जायला जमीनच नाही. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला कुणीतरी इथे लाकडी पूल टाकला, कड्याला साखळदंडांनी फळ्या टांगून वाट काढली, आणि युरोपच्या उत्तरेचा नि दक्षिणेचा एक जवळचा रस्ता उघडला. उत्तरेकडून चीज आणि गुरं, दक्षिणेकडून तांदूळ आणि वाइन, अशी ये-जा खेचरांच्या पाठीवरून सुरू झाली. प्रत्येक गावाच्या खेचरवाल्यांची आपापली संघटना आणि रस्त्याचा आपापला तुकडा. आमच्या तुकड्यात आमचीच खेचरं. आपल्याकडच्या घाटांतले लमाणांचे नि वंजाऱ्यांचे तांडे आठवा, बैलांच्या जागी खेचरं घाला, की चित्र पुरं होतं. आणि जकात होतीच. नाणेघाटात दगडी रांजण आहे, तशी इथे पुलांवर आणि नाक्यांवर वसुली.

आता हा पहिला पूल कुणी बांधला? इतिहासाला नाव ठाऊक नाही. गोष्टीला ठाऊक आहे. पूल सैतानाने बांधला.

गोष्ट अशी. ऊरी प्रांताच्या लोकांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न करून पाहिला, पूल काही उभा राहीना. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणालं, आता सैतानानेच बांधावा! सैतान लगेच हजर. बांधतो म्हणाला, पण पुलावरून जो पहिला जाईल तो माझा. करार झाला. पूल उभा राहिला. आणि लोकांनी पहिला पाठवला बोकड. सैतान असा भडकला की पूल फोडायला एक प्रचंड धोंडा घेऊन निघाला. वाटेत दम खायला थांबला, तेवढ्यात एका म्हातारीने त्या धोंड्यावर क्रूस कोरला. सैतानाला काही तो पुन्हा उचलता येईना. धोंडा तिथेच राहिला, पूलही राहिला.

तो धोंडा आजही गोशेनेनला आहे. २२० टनांचा. १९७७ साली मोटाररस्त्याच्या आड आला, तेव्हा फोडून टाकायचा बेत होता, पण लोक ऐकेनात. शेवटी तीन लाख फ्रँक खर्चून तो १२७ मीटर बाजूला सरकवला. सैतानाला जे जमलं नाही ते स्विस इंजिनियरांना जमलं. पुलाशेजारच्या कड्यावर हाइनरिश डानियोथ या चित्रकाराने १९५० साली लालभडक सैतान आणि त्याचा बोकड रंगवून ठेवलाय. येणारे-जाणारे फोटो काढतात. आम्हीही काढले.

गाडी बाजूला लावून आम्ही जुन्या पुलावर उभे होतो. जुना म्हणजे १८३० सालचा. त्याच्याही आधीचा १५९५ सालचा दगडी पूल १८८८ मध्ये कोसळला, आणि गाड्या आता जातात तो १९५८ चा. मी ही बोकडाची गोष्ट मोठ्या चवीने सांगितली. वाटलं, हसेल. तो म्हणाला, "म्हणजे मजुरी बुडवली ना त्याची."

मी म्हटलं, अरे, सैतान आहे तो.

"असू दे ना. काम केलं की नाही? पूल पडला का? नाही. बोली काय होती, दिलं काय? हा आपला शिंगरोबाच झाला."

मुंबई-पुणे जुन्या रस्त्याने गेलेल्यांना शिंगरोबाचं देऊळ माहीत असेल. खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना लागतं. ट्रकवाले गाडी हळू करून तिथे नाणं टाकतात. दंतकथा अशी की साहेबाला बोरघाटातून वर जायची वाट सापडत नव्हती. शिंगरोबा नावाचा धनगर आपली मेंढरं ज्या वाटेने न्यायचा ती त्याने दाखवली. बक्षीस काय हवं विचारलं, तर म्हणाला, आमचा देश सोडून जा. आणि साहेबाने त्याला गोळी घातली. ही गोष्ट मी शाळेच्या सहलीत ऐकली होती आणि विसरलो होतो. मित्राच्या मात्र ती रोजच्या वाटेवरची. त्या थंडगार घळीत उभा राहून हा पठ्ठ्या सैतान आणि शिंगरोबा यांना एकाच हजेरीपटावर बसवून मोकळा झाला!

माझ्या डोक्यातला भुंगा तो हा. दोन डोंगर, हजारो मैल अंतर, आणि लोकांनी रचलेली गोष्ट एकच: ज्याने वाट काढून दिली त्याला ठरलेलं दिलं गेलं नाही. लोक असं का सांगतात? मला वाटतं, लोकांना आतून माहीत असतं. नाव माहीत नसेल, आकडा माहीत नसेल, पण कुणाचं तरी देणं बुडालंय एवढं घाटाखाली राहणाऱ्या माणसाला कळतंच.

पुलापासून जवळच कड्यात बारा मीटर उंच क्रूस कोरलाय. तो रशियन सेनापती सुवोरॉव्हचा. १७९९ च्या सप्टेंबरमध्ये (आपल्याकडे नाना फडणवीस अजून हयात होते) हा सत्तरीला टेकलेला म्हातारा एकवीसेक हजार सैन्य घेऊन इटलीतून गॉटहार्ड चढून आला. फ्रेंचांनी पुलाचा भाग उडवून दिला होता. रशियन शिपायांनी फळ्या आणल्या, अधिकाऱ्यांच्या कमरेचे पट्टे सोडून त्या बांधल्या, आणि गोळीबारात घळ ओलांडली. इतकं करून खाली सरोवराशी पोचतो तर पुढे रस्ताच नाही आणि नावाही नाहीत. मग आणखी खिंडी, त्याही बर्फातून, आणि हजारो माणसं वाटेत गेली. शंभर वर्षांनी हे स्मारक झालं. त्यावर रशियनमध्ये सुवोरॉव्हच्या शूर साथीदारांसाठी म्हणून मजकूर आहे. साथीदार अनेकवचनी, नाव एकाचंच. असो. लढाईच्या इतिहासात मला फारशी गती नाही, म्हणून पुढे जातो.

घळ संपताना ऊर्नरलॉख लागतो. १७०८ मध्ये कड्यातून आरपार काढलेला चौसष्ट मीटरचा बोगदा. साखळदंडांवर टांगलेल्या फळ्यांची वाट त्यामुळे सुटली. आल्प्समधल्या रस्त्यावरचा हा पहिला बोगदा, टिचिनोच्या पिएत्रो मोरेत्तीनीने केलेला. त्यातून बाहेर पडलं की एकदम हिरवंगार, सपाट, शांत आंडरमाट. कानठळ्या बसवणारी नदी एकाएकी ओढ्यासारखी वागायला लागते. इथे कॉफी प्यायलो. किंमत सांगत नाही, आई रागावेल.

आता खरी गोष्ट, आणि ती आमच्या पायाखाली होती. म्हणजे अक्षरशः पायाखाली. कारण गोशेनेन आणि ऐरोलो यांच्यामधून, या सगळ्या डोंगराखालून, मोटारींच्या बोगद्याच्या शंभर वर्षं आधी रेल्वेचा बोगदा खणला गेला. पंधरा किलोमीटर, १८७२ ते १८८२. इटलीने साडेचार कोटी, जर्मनी आणि स्वित्झर्लंडने दोन-दोन कोटी फ्रँक अनुदान द्यायचं ठरवलं होतं. बोगद्याचं कंत्राट घेतलं जिनिव्हाजवळच्या लुई फाव्हरने. हा मूळचा सुतार, इंजिनियरिंगची पदवी नाही, कामातूनच वर आलेला. मुदत आठ वर्षं. उशीर झाला तर दिवसाला पाच हजार फ्रँक दंड, सहा महिन्यांवर गेला तर दहा हजार. लवकर संपवलं तर तेवढंच बक्षीस. या एका कलमाने पुढचं सगळं घडवलं असं माझं मत झालंय.

दिवसाला पाच हजार डोक्यावर टांगलेले असले की माणूस काय करील? हवा खेळवायला वेळ घालवील का? आत दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रं, डायनामाइट, तेलाचे दिवे, धूर, तीस अंशांवर उष्णता, गुडघाभर पाणी. स्फोट झाला की धूर निवायच्या आत पुढची तुकडी. संडासाची सोय नाही. त्यातून आतड्यातल्या हुककृमीची साथ पसरली, माणसं पांढरीफटक पडून मरायला लागली. तुरीनच्या डॉक्टरांनी १८८० मध्ये कारण शोधून काढलं, तोवर त्या आजाराला बोगद्याचा पंडुरोग म्हणूनच ओळखायचे. बाहेर काही शे वस्तीच्या खेड्यात हजारो इटालियन मजूर कोंबलेले, पाळीपाळीने एकाच पलंगावर झोपणारे. एक उठून कामाला गेला की त्याच्या गरम अंथरुणात दुसरा. आणि पगाराचा काही भाग रोख नाही, तर कंपनीच्या दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांत.

जुलै १८७५ मध्ये माणसं धुरातून बाहेर आली आणि आत जाईनात. बोगद्याचं तोंड अडवून बसली. दुसऱ्या दिवशी ऊरी प्रांताची घाईने गोळा केलेली सशस्त्र तुकडी आली. दगड फेकले गेले, गोळ्या सुटल्या, चार मजूर मेले. काम पुन्हा सुरू झालं.

हे मी घरी येऊन वाचलं आणि पहिली आठवण झाली ती बोरघाटाची. तिथला रेल्वेचा रस्ता १८५६ ते १८६३ मध्ये झाला, म्हणजे गॉटहार्डच्या आधीच. पंचवीस बोगदे. भराच्या काळात चाळीस हजारांहून जास्त मजूर. आणि जानेवारी १८५९ मध्ये, थकलेल्या मजुरीवरूनच, तिथेही दंगा झाला. फाव्हिएल नावाचा कंत्राटदार त्याच वर्षी काम सोडून गेला. (फाव्हर आणि फाव्हिएल! मी दोनदा तपासून पाहिलं.) मग सॉलोमन ट्रेडवेल आला, तो आल्यावर काही दिवसांतच वारला, आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, दोन इंजिनियर नेमून काम पुरं करवलं. या बाईंवर कधीतरी वेगळं लिहायला हवं. तिथे किती माणसं मेली? पटकी, हिवताप, दरड, सुरुंग. इतिहासकारांचा अंदाज वीस हजारांच्या वर जातो. अंदाजच. गॉटहार्डच्या बोगद्यात सुमारे दोनशे मेले. तिथे निदान मोजायला कुणी होतं.

फाव्हरलाही हा डोंगर पचला नाही. १९ जुलै १८७९ रोजी तो पाहुण्यांना घेऊन बोगद्यात गेला आणि आतच कोसळून मेला. वय त्रेपन्न. सात महिन्यांनी, फेब्रुवारी १८८० च्या शेवटी, दोन्ही बाजूंचे बोगदे एकमेकांना भिडले. फरक किती पडला? बाजूला तेहेतीस सेंटिमीटर, उंचीत पाच. पंधरा किलोमीटरमध्ये! त्या काळच्या मोजणीदारांना खरोखर साष्टांग नमस्कार. आणि भोक पडल्यावर पहिलं काय पलीकडे गेलं, तर एका डब्यातून फाव्हरचा फोटो. सैतानाच्या पुलावरून पहिला गेला बोकड, फाव्हरच्या बोगद्यातून पहिला गेला तो स्वतःच, मेल्यावर. दंडाने आणि वादांनी त्याची कंपनी मात्र बुडाली ती बुडालीच. म्हणजे कंत्राटदाराचीही मजुरी गेली.

आणि ज्याने हा सगळा प्रकल्प उभा केला तो झ्युरिकचा आल्फ्रेड एशर? खर्च वाढला तेव्हा १८७८ मध्ये त्याला पायउतार व्हावं लागलं. दोन वर्षांनी बोगदा आरपार झाला, त्या सोहळ्याला त्याला बोलावलंही नाही. झ्युरिक स्टेशनच्या दारात त्याचा भव्य पुतळा आहे, मी रोज त्याच्यासमोरून ऑफिसला जातो. त्याच्याबद्दल मला फार वाईट वाटलं नाही. पुतळा मिळालाय.

तिकडे आमची गाडी खिंडीवर पोचली होती. वर तळी, ग्रॅनाइट, थंड वारा आणि सॉसेजच्या टपऱ्या. पलीकडच्या उतारावर ट्रेमोला नावाचा जुना रस्ता आहे. चौकोनी दगड बसवलेला, चोवीस नागमोडी वळणांचा, एकावर एक घडी घातल्यासारखा. एकोणिसाव्या शतकात यावरून पाच घोड्यांची टपालगाडी धावायची. रुडॉल्फ कोलरने १८७३ मध्ये काढलेलं तिचं चित्र झ्युरिकच्या कुन्स्टहाउसमध्ये आहे. घोडे उधळल्यासारखे खाली येताहेत आणि समोर एक वासरू जीव घेऊन पळतंय. रेल्वे कंपनीने हे चित्र काढून घेतलं ते एशरला भेट म्हणून! ज्या टपालगाडीचं पोट रेल्वे मारणार होती तिचंच चित्र, खाली बोगदा खणायला सुरुवात झाल्यावर. १८८२ मध्ये रेल्वे सुरू झाली आणि खिंडीवरचे गाडीवान, घोडेवाले, खेचरवाले, सगळ्यांचा धंदा बसला. ते वासरू पाहिलं की मला आता तेच आठवतं.

मित्राने ट्रेमोला दुसऱ्या गिअरमध्ये, एक शब्द न बोलता उतरवला. एवढा गंभीर मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता.

ऐरोलोला उतरलो तेव्हा तीन वाजून गेले होते. स्टेशनजवळ विंचेन्झो व्हेला या शिल्पकाराचं एक उठावशिल्प आहे. मूळचं १८८२-८३ मधलं, कुणी मागवलेलं नव्हतं, त्याने आपणहून केलेलं. ब्राँझमध्ये ओतून इथे बसवलं ते १९३२ साली, रेल्वेला पन्नास वर्षं झाली तेव्हा. काही मजूर एका मेलेल्या सोबत्याला बोगद्यातून बाहेर आणताहेत. सैतान नाही, सेनापती नाही. वाकलेल्या पाठी, दिवा, आणि खाली लोंबणारा एक हात. ‘श्रमाचे बळी’ असं त्याचं नाव.

तिथे कुणी नव्हतं. मित्र बराच वेळ उभा होता. मग त्याने खिसे चाचपले, एक नाणं काढलं, आणि शिल्पाखालच्या दगडावर ठेवलं. खोपोलीची सवय. मी काही बोललो नाही.

गाडीत बसल्यावर मी त्याला दंडाच्या कलमाबद्दल सांगितलं. एवढं मला आधीपासून माहीत होतं. तो विमा कंपनीत आकडेमोड करणारा माणूस. चावी फिरवता फिरवता म्हणाला, "दिवसाला पाच हजार? म्हणजे एका दिवसाच्या दंडात पाच हजार माणसांची मजुरी एकेक फ्रँकने वाढवता आली असती. एवढी माणसं होती का रे कामावर?"

नव्हती.

फाइदोला एक पिझ्झेरिया उघडी मिळाली. पिझ्झा बरा होता.